लाल रोगण आणि करामातली न्हाणी

दुबईत करामाच्या बाजारातल्या गिफ्टच्या दुकानात मला नोकरी लागली, ती एका फुलदाणीची मान वाकडी आहे असं मी एका अनोळखी बाईला सांगितलं म्हणून. नवऱ्याच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं आणि मी आहेरासाठी काहीतरी बघायला गेले होते. शेजारी उभी असलेली बाई एक निळी फुलदाणी बांधून मागत होती. मला राहवलं नाही. मान वाकडी आहे, फुलं एका अंगाला कलतील, असं मी बोलून गेले. तिनं ती ठेवली आणि दुसरी, जास्त चांगली घेतली.

शेठ काउंटरमागून ऐकत होते. जामनगरचे होते, पंचवीस वर्षं दुबईत काढलेली. आता हे बोलणार म्हणून मी निघायला लागले, तर त्यांनी उलट घरची चौकशी केली. मी म्हटलं, नवरा एका कॉन्ट्रॅक्टरकडे स्टोअरकीपर आहे, मुलगी तिसरीत आहे, मी घरीच असते.

"कल से आ जाओ," ते म्हणाले. "जो खोट दिखाती है, उसी से लोग माल लेते हैं."

ही दोन हजार एकची गोष्ट. सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ अशी माझी वेळ ठरली. आमची खोली दुकानापासून चालत सात मिनिटांवर होती, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला जाता यायचं.

दुकानात चिनी माल जास्त. त्यातलं एक पूर्ण कपाट लाल डब्यांचं होतं. गोल डबे, चौकोनी डबे, कपाएवढ्या फुलदाण्या, सगळ्यांवर दाट कोरीव फुलं आणि पानं. शेठनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की हे रोगणकाम आहे. एका झाडाचा चीक काढतात, त्यात लाल रंग कालवतात, डब्यावर एकावर एक शंभर-दीडशे थर देतात आणि मग त्या जाड थरात हातानं नक्षी कोरतात. आपल्याकडची लाख किड्यापासून होते, ही झाडाची. मला ते ऐकूनच आवडलं होतं. मी ते गिऱ्हाइकांना इतकं रंगवून सांगायची की एकदा शेठच ऐकत उभे राहिले. दोन-तीन महिन्यांत मी त्या कपाटातले कितीतरी डबे विकले.

त्यातला एक मी एका वयस्क अरब बाईंना विकला होता. दुकानात सगळे त्यांना आदरानं 'हज्जा' म्हणायचे. त्यांना थोडं हिंदी यायचं, त्यांच्या लहानपणी मुंबईहून माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून शिकलेलं. डबा हातात धरून त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, हाताचं काम आहे ना? आणि मी दोन्ही वेळा अगदी छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं.

त्या हिवाळ्यात शेठच्या डोक्यात कल्पना आली की चीनहून खरा कारागीर आणून दुकानाच्या काचेमागे बसवावा. थंडीत टुरिस्ट खूप यायचे, काम बघायला थांबतील आणि आत येतील. जानेवारीच्या सुरुवातीला बीजिंगहून एक बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, केस कानापर्यंत कापलेले. रोगणाच्या कारखान्यात सदतीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. शेठ त्यांना मास्टरजी म्हणायचे. मी 'बाई' म्हणायला लागले, शाळेत म्हणायचो तसं, कारण दुसऱ्याच दिवशी त्या मला शिकवायला लागल्या होत्या.

भाषेची पंचाईत होती. त्यांना चिनीशिवाय काही येत नव्हतं. दुबईच्याच देरा भागातल्या एका चिनी घाऊक दुकानात एक कारकून होता, त्याला इंग्लिश यायचं. काही अडलं की शेठ त्याला फोन लावायचे. तो आधी बाईंशी बोलायचा, मग रिसीव्हर माझ्याकडे यायचा. बाकी वेळ आमचं खुणांवर चालायचं. पंधरा दिवसांत बाई दुकानातल्या पोरांकडून तीन शब्द शिकल्या. सुरुवात करायची असली की 'यल्ला', झालं की 'खलास', आणि सगळ्यांत जास्त 'शुवै शुवै', म्हणजे हळूहळू. त्यांचं काम बघताना तो शब्द त्यांच्यासाठीच केला असावा असं वाटायचं.

त्यांनी येताना थर देऊन तयार केलेली पाच-सहा भांडी आणली होती. ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कारण रोगण पुरतं कडक झालं की सुरी चालत नाही. सुऱ्या त्यांच्या स्वतःच्या, स्वतः घासून केलेल्या, काही सरळ, काही टोकाला वाकवलेल्या. त्या कोरायला बसल्या की साबणाच्या वडीतून कापावं तसं ते लाल निघायचं, बारीक कुरळे तुकडे मांडीवरच्या कापडावर पडायचे. फुलांच्या मागे जी मोकळी जागा असते, ती त्या बारीक नक्षीनं भरत. मी फोनवरून त्या कारकुनाला विचारलं की ही नक्षी जागोजागी वेगळी का आहे. त्यानं बाईंना विचारून सांगितलं, एक आकाशाची आहे, एक पाण्याची, एक जमिनीची. त्यानंतर मी कुठलाही डबा बघितला की आधी पाणी कुठे आहे ते शोधायची.

त्यांचे हात मला ओळखीचे वाटले. नखांच्या कडा काळ्या, बोटांवर न जाणारे डाग. माझी आई वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात होती, तिचे हात असेच होते. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं. मी हे खुणांनी सांगायचा प्रयत्न केला, जमेना. शेवटी घरून काजूबीचं चित्र काढून नेलं. बाईंनी चित्र बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि स्वतःच्या मनगटावरची जुनी जखम दाखवून हसल्या. कळलं की नाही, कोण जाणे. पण त्या दिवसापासून त्या जेवणाचा डबा उघडून खायला बसल्या की मला शेजारी बसवून घ्यायच्या.

तिसऱ्या आठवड्यात त्या आमच्या लाल कपाटापाशी गेल्या. आतापर्यंत त्यांनी तिकडे बघणंच टाळलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांनी सहा गोल डबे काढून काउंटरवर ओळीनं मांडले आणि मला बोलावलं. पहिल्या डब्याच्या झाकणावर मधलं फूल होतं, त्याच्या डावीकडच्या पाकळीला एक बारीकसा खवला उडालेला होता. त्यांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. मग दुसऱ्या डब्यावर. तिथेही डावीकडच्या पाकळीला तोच खवला. तिसऱ्यावर तोच. सहाही डब्यांवर, त्याच जागी, तेवढाच.

हातानं सहा वेळा कुणी तीच चूक करत नाही. साच्याला एकदा चूक झाली की ती सगळ्यांना मिळते. बाईंनी डबे परत कपाटात लावले, अगदी नीट, फडक्यानं पुसून.

मला भयंकर लाज वाटली. खोट दाखवते म्हणून नोकरी मिळालेली मी, आणि सहा डब्यांवरची एकच खोट मला दिसली नव्हती. मी तशीच शेठकडे गेले. ते आधी म्हणाले की मी कधी हाताचं म्हटलंच नाही. मी म्हटलं, पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत. मग म्हणाले, मलाही घाऊकवाल्यानं तसंच सांगितलं होतं. हे बहुधा खरं असावं, कारण ते बराच वेळ एक डबा उलटसुलट करून बघत राहिले. शेवटी तोडगा काढला की यापुढे हाताचं म्हणायचं नाही, पण साच्याचं आहे असंही म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर 'चायना का है' एवढंच सांगायचं.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. त्याचं म्हणणं, नोकरी त्यांची, माल त्यांचा, तू कशाला डोकं लावतेस. पण जेवताना तोच म्हणाला की त्या अरब आजीबाईंना सांगावंसं वाटत असेल तर सांग, नाहीतर तुला झोप लागायची नाही.

मला त्यांना शोधत जावं लागलं नाही. चारच दिवसांनी हज्जा आल्या, त्यांच्या हातात रुमालात बांधलेला डबा. पाच वर्षांच्या नातीच्या हातून पडला होता. झाकणाच्या कडेचा अंगठ्याएवढा तुकडा उडाला होता आणि आत खडूसारखं पांढरं दिसत होतं. त्यांनी ते पांढरं माझ्यासमोर धरलं. शेठ लगेच पुढे आले, नवा डबा देतो म्हणाले, असाच, फुकट. हज्जा माझ्याकडेच बघत होत्या.

"तुम बोला था, हाथ का काम."

शेठ माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बोला था. तब मुझे मालूम नहीं था. अब मालूम है. यह साँचे का है, हज्जा."

शेठनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. हज्जांनी विचारलं, तुला हे कोणी सांगितलं? मी काचेमागे बसलेल्या बाईंकडे बोट केलं. हज्जा तिकडे गेल्या, दुकानातलं स्टूल ओढून घेतलं आणि बाईंच्या समोर बसल्या. तासभर बसल्या. बाईंनी एक पान पुरं केलं. त्यांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण पान झाल्यावर बाई 'खलास' म्हणाल्या आणि हज्जांना हसू फुटलं.

मग त्या उठल्या आणि मला म्हणाल्या की नवा डबा नको, हाच दुरुस्त करून द्या. नात दोन दिवस रडते आहे. नवा आणला तर तिला वाटेल, मोडलं की दुसरं येतं. मोडलेलं नीट करता येतं हे तिला बघू दे.

शेठ दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मी नोकरी गेली असं धरूनच चालले होते.

दुरुस्तीची वेगळीच अडचण निघाली. बाईंनी आपल्याबरोबर आणलेल्या रोगणाच्या ट्यूबमधून थोडं घेतलं, मातीच्या पुडीत कालवून खळगा भरला, वर लाल हात दिला. दुसऱ्या दिवशी बघतो तर ओलंच. तिसऱ्या दिवशीही ओलंच. शेठनी डबा एसीच्या तोंडाशी ठेवला. बाईंनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. फोन लावला गेला. कारकून म्हणाला की हे रोगण कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला दमट हवा लागते. त्यांच्याकडे त्यासाठी ओलसर खोल्याच असतात. मला आधी वाटलं, तो उलटं सांगतोय. दमटपणात वाळणारी वस्तू मी कधी ऐकली नव्हती. दुकानात दिवसभर एसी, तिथे ते सहा महिन्यांत वाळलं नसतं.

मी म्हटलं, आमच्या न्हाणीत ठेवू या.

आमच्या खोलीच्या न्हाणीला खिडकी नव्हती आणि पंखा बंद पडलेला होता. तिथे टॉवेलसुद्धा वाळायचा नाही. बाईंनी येऊन जागा बघितली, भिंतीला हात लावून बघितला आणि इतक्या खूश झाल्या की मला माझ्या न्हाणीचा पहिल्यांदा अभिमान वाटला. गिझरखालच्या फळीवर एक प्लास्टिकचा टब, त्यात ओला टॉवेल, त्यावर पालथी वाटी आणि वाटीवर डब्याचं झाकण, अशी व्यवस्था झाली. दुसऱ्या दिवशी हात लावून बघितला, थर घट्ट झाला होता.

मग रोज दुपारी एक वाजता दुकान बंद झालं की बाई माझ्याबरोबर घरी यायच्या. एक पातळ थर द्यायच्या, हात धुवायच्या आणि जेवायला बसायच्या. पहिल्या दिवशी मी बिचकत भात आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. त्यांनी बांगड्याचं डोकं उचललं आणि इतकं निगुतीनं खाल्लं की ताटात फक्त काटे राहिले. आमच्या मुलीनं ते बघून त्यांना 'आजी' करून टाकलं. एरवी ती माझ्याशीही इंग्लिशच बोलायची. रोज सकाळी आंघोळीनंतर ती टबात डोकावून मला बातमी द्यायची, "मम्मी, इट्स ड्राय. टेल आजी." बाई तिला कागदावर आकाश, पाणी आणि जमिनीची नक्षी काढायला शिकवायच्या.

नवऱ्याला सांगितलं होतं, त्या टबाला हात लावू नकोस. त्यानं आठव्या दिवशी लावला. साबण टबात पडला होता म्हणे. दुसऱ्या दिवशी उजवा हात कोपरापर्यंत लाल, फोड आलेला आणि एक पापणी सुजून अर्धी मिटलेली. त्यानं हात माझ्यासमोर धरला.

"बघ गो, बिब्बो उतलोसो दिसता."

आणि खरंच तसंच होतं. आमच्याकडे बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की असंच उततं. बाई दुपारी आल्या, त्यांनी हात बघितला आणि काळजी करण्याऐवजी त्या माझ्याकडे वळून काजूबीचं चित्र हवेत काढायला लागल्या. म्हणजे तेव्हा त्यांना कळलं होतं! फोनवर त्या कारकुनानं खात्री केली: रोगणाचं झाड, काजू, बिब्बा, आंबा, सगळे एकाच कुळातले, भाऊबंद. नवरा म्हणाला, माझा हात सडतोय आणि तुम्ही कूळ काढताय. मग क्लिनिकमध्ये जाऊन मलम आणलं, वर मी आईच्या पद्धतीनं खोबरेल लावलं. आठवड्यात हात बरा झाला. साइटवर त्यानं सगळ्यांना सांगितलं की चिनी झाड चावलं.

तिसाच्या आसपास थर झाले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. खळगा भरून कडेच्या वर किंचित आला. आता कोरायचं. बाईंनी फोनवरून विचारायला लावलं की मूळच्यासारखं पान कोरू, की मनाचं काही? मी हज्जांना विचारलं. त्या म्हणाल्या, तिच्या मनाचं.

कोरायचं काम दुकानात झालं. त्याआधी बाईंनी एका सरावाच्या तुकड्यावर माझ्या हातात सुरी दिली आणि पाण्याच्या चार रेघा मारायला लावल्या. मला वाटत होतं, जोर लागतो. जोर लावला की सुरी घसरते. माझ्या चार रेघांतल्या दोन पाण्यासारख्या आल्या, तिसरी वाकडी गेली, चौथी तर शेजारच्या जमिनीत शिरली. बाईंनी पहिल्या दोन रेघांवर बोट ठेवून मान डोलावली. बाकीच्यांकडे बघितलंच नाही.

हज्जा नातीला घेऊन आल्या. झाकणाच्या कडेला आता एक छोटा प्राणी पंख पसरून बसला होता, नखाएवढे पंख, पण त्यातली शीरन् शीर दिसत होती. नवा लाल जुन्यापेक्षा काळपट होता. बाईंचं म्हणणं, वर्षानुवर्षं तो उजळत जाईल. हज्जांनी झाकण डोळ्यांजवळ नेलं.

"चिड़िया है?"

मला कारकुनानं सकाळीच सांगितलं होतं ते काय आहे, आणि मी दिवसभर ह्याच प्रश्नाला घाबरत होते. चीनमध्ये तो भाग्याचा प्राणी मानतात, पण हज्जांना ते आवडेल का, कुणास ठाऊक. शेठनी मागून मला डोळ्यांनी खुणावलं, म्हण चिमणी.

मी म्हटलं, "नहीं हज्जा. चमगादड़ है."

त्यांना तो शब्द माहीत नव्हता. मी हात पसरून उलटी लटकल्यासारखं करून दाखवलं. आधी नातीला कळलं. तिनं किंचाळून ते आजीला अरबीत सांगितलं, आणि हज्जा हसायला लागल्या. बुरख्याआडून डोळे पुसत हसत राहिल्या. बाईंना वाटलं काहीतरी चुकलं, त्या घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मग नातीनं झाकण दोन्ही हातांत धरलं आणि सोडायला तयारच होईना. तिला अख्ख्या डब्यात फक्त वटवाघूळ हवं होतं. हज्जा म्हणाल्या की आता हा डबा तिचा, आणि ह्यात एवढा एक तुकडा खरा आहे हे तिला मोठी झाल्यावर सांगीन.

पुढच्या आठवड्यात हज्जा दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. बाईंनी इथे बसून कोरलेली दोन भांडी त्यांनी घेतली. शेठनी त्या गेल्यावर मला बोलावलं आणि दोन पुठ्ठे पुढे टाकले. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच लिहायचं होतं, इंग्लिशमध्ये आणि हिंदीत. एकावर 'हाथ का काम', दुसऱ्यावर 'साँचे का काम'. नंतर दुकानातल्या एका पोराकडून अरबीतही लिहून घेतलं. शेठना वाटलं होतं, साच्याचा माल आता पडून राहणार. झालं उलटंच. लोक पाटी वाचायचे, दोन्ही कपाटं बघायचे, खऱ्याचं तोंडभर कौतुक करायचे आणि साच्याचा डबा बिनधास्त घेऊन जायचे. आधी शंका घेऊन घासाघीस करत, आता ती करायची गरजच उरली नाही. शेठ ही युक्ती आपलीच असल्यासारखी शेजारच्या दुकानदारांना सांगायचे. मी कधी मध्ये बोलले नाही.

बाई मार्चमध्ये परत गेल्या. एअरपोर्टवर आम्ही तिघं गेलो होतो. हज्जांनी त्यांना खजुराचा भला मोठा डबा दिला होता, मी कोकमं आणि सुके बांगडे बांधून दिले होते, आणि बॅग काही केल्या मिटत नव्हती. बाईंनी बॅगेतला जाड कोट काढून अंगावर चढवला. बाहेर पस्तीस डिग्री. कोटाच्या एका खिशात सुऱ्यांची रिकामी म्यानं, दुसऱ्यात कोकमांची पिशवी. सुऱ्या मात्र मोठ्या बॅगेतच ठेवायला लावल्या, त्यावरून काउंटरच्या माणसाशी नवऱ्यानं बरीच हुज्जत घातली. बाईंनी आमच्या मुलीला जवळ घेतलं, तिनं काढलेला आकाश-पाणी-जमिनीचा कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि घामानं निथळत, मागे वळून हात हलवत आत गेल्या.